माझ्या लेकीचं मीठ

बाळ दुपटी ओली करतंय म्हणजे बाळ ठणठणीत आहे, असं आमच्याकडे प्रत्येक बाई सांगते. माझ्या आईने सांगितलं, मावशीने सांगितलं, तेल लावायला येणारी बाई तर रोज अंघोळीच्या वेळी सांगायची. आणि माझी लेक दुपट्यामागून दुपटी ओली करत होती. गच्चीवरच्या दोरीवर जागा उरत नव्हती. फक्त ती दूध ओढत नव्हती, जे घेईल तेही उलटत होती आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती.

माझं माहेर बुऱ्हाणपूर शहरातलं, सासर जवळच्याच दापोऱ्याचं, केळीच्या बागावाल्यांचं. मी शहरातल्या एका शाळेत गणित शिकवते. शाळेत हिंदी, माहेरी मराठी आणि सासरी खानदेशी वळणाचं बोलणं, अशा तीन भाषांत मी भांडू शकते आणि भांडतेही. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. घरात बाळंतीण म्हणजे सल्ल्यांचा रतीबच लागतो. कुणी म्हणे दूध पातळ आहे, कुणी म्हणे नजर लागली. एका काकूंनी तर कमालच केली. म्हणाल्या, "तू सारखी चिडतेस ना, रागाचं दूध बाधतं हो बाळाला." यावर मी जे चिडले, ते विचारू नका.

"आत जातंय एवढंसं आणि बाहेर पडतंय एवढं, हा हिशोब कुठे बसतो ते मला सांगा," मी सगळ्यांना विचारत होते. नवरा आला की त्याला विचारायचे. तो बिचारा बाळाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बारसं होऊ दे, मग दाखवू."

बारशाच्या दिवशी दापोऱ्याहून गाडी भरून माणसं आली. पाळणा सजवला होता. सासूबाईंनी स्वतः शिवलेली कुंची आणली होती आणि आल्या आल्या घुगऱ्यांत मीठ कमी आहे म्हणून माझ्या आईला ऐकवूनही झालं होतं. बाळाला पाळण्यात ठेवायला मी उचललं, तर मान एकीकडे, हात एकीकडे. गालाला टिचकी मारली, तळव्याला मारली, रडेना. ओठ कोरडे, टाळूला खड्डा. मी बारशाच्या साडीत, कपाळावर मळवट तसाच, बाळाला घेऊन दाराबाहेर पडले.

"अगं व माय, नाव तं ठिवू दे आधी!" सासूबाई मागून ओरडल्या.

"नाव मागून ठेवू, आधी पोर राहू दे!" मी ओरडले. भर गल्लीत. लोक बघत राहिले, बघू देत.

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी मात्र मला बाई तुम्ही घाबरट आहात वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी टाळू दाबून पाहिली, दुपटं उघडून पाहिलं आणि लगेच रक्त घेतलं. रिपोर्ट आला तो घाबरवणारा होता. रक्तातलं सोडियम फार खाली गेलेलं, पोटॅशियम फार वर चढलेलं. ते म्हणाले, "बाळ सुकलं की लघवी कमी व्हायला पाहिजे. हिची होतेच आहे. म्हणजे लघवीतून हिचं मीठ वाहून चाललंय आणि मिठामागून पाणी. पोटॅशियम असंच वाढलं तर हृदय थांबू शकतं." त्यांनी सलाईन लावलं, हृदयासाठी इंजेक्शन दिलं आणि आम्हाला इंदूरला पाठवलं. अॅम्ब्युलन्समध्ये नवरा पुढे बसला. मागे माझ्याबरोबर सासूबाई चढल्या. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. बारशाचं लुगडं, नाकात नथ, आणि इंदूरच्या वाटेवरचा सगळा घाट बाळाच्या पायाचा अंगठा धरून त्या बसल्या होत्या.

इंदूरच्या डॉक्टरबाई मराठीच निघाल्या, तिथे मराठी माणसं काही कमी नाहीत. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्याशा ग्रंथी असतात. त्या एक हार्मोन सोडतात. तो हार्मोन मूत्रपिंडाला सांगतो, मीठ आत धरून ठेव, पोटॅशियम बाहेर टाक. काही बाळांच्या ग्रंथींना तो हार्मोन बनवताच येत नाही. नवजात बाळाचं मीठ असं जायला लागलं की डॉक्टर पहिल्यांदा तेच तपासतात आणि त्यावर गोळ्या असतात. हिलाही त्या सुरू केल्या. फरक पडेना. मग तपासणीचा रिपोर्ट आला तर हार्मोन भरपूर, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त! ग्रंथी बिचाऱ्या ओरडून ओरडून सांगत होत्या आणि मूत्रपिंड ढिम्म. हे फार क्वचित होतं, डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सांगतलेलं ऐकतच नई?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही ना."

"मंग आईवर गेली."

मला त्या खुर्चीत बसून रडायचं होतं आणि मला हसू आलं. डॉक्टरबाईही हसल्या. त्या घटकेला पहिल्यांदा मला ही बाई आवडली. सासूबाई, म्हणजे.

उपाय काय, तर मीठ. वाहून जातंय त्याहून जास्त पोटात घालायचं, रोज, प्रत्येक दुधाच्या वेळी, आणि पोटॅशियम बांधून ठेवणारी एक पावडर. बाळ मोठं होत जातं तशी मूत्रपिंडं हळूहळू ऐकायला लागतात, बहुतेकांची लागतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. तोवर उलटी झाली, जुलाब झाले, ताप आला, की थांबायचं नाही, थेट दवाखाना. "तोवर हिला तुम्ही धरून ठेवायचं," असं त्यांनी मला बजावलं. हेच होतं सगळं. मूत्रपिंड शिकेपर्यंत पोर जगली पाहिजे.

पण मीठ! आमच्याकडे अन्न सुरू होईपर्यंत बाळाच्या जिभेला मिठाचा कण लावत नाहीत. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. "एवढ्याशा जिवाले मीठ? आतडी जळतील तिची." मी समजावायला लागले, मग भांडायला लागले. नर्स आली आणि आमचं भांडण चालू असतानाच तिने बाळाच्या तोंडात मिठाचं पाणी सोडलं. बाळाने तोंड वाकडं केलं आणि गिळलं. दोन-तीन दिवसांनी ती पोर भुकेने रडली. नुसती कण्हली नाही, रडली! अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असा भोंगा लावला. सासूबाई उठल्या, नर्सला जाऊन म्हणाल्या, "आन वं माय, हिचं मीठ आन."

त्या दिवसापासून त्यांनी ते काम हातात घेतलं ते घेतलंच. मिठाचं पाणी किती ताकदीचं करायचं, उकळलेलं पाणी किती, मीठ कसं मोजायचं, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूने कशी द्यायची, हे मला शिकवलं तसं मी त्यांना शिकवलं. एकदा सांगितलं की पुरे. दापोऱ्याला आल्यावर ती बाटली त्यांनी देवघरात ठेवली, देवांच्या शेजारी. का, तर तिथे हात धुतल्याशिवाय कुणी हात घालत नाही. मला सुट्टी संपल्यावर शाळेत जावंच लागलं. मधल्या सुट्टीत फोन केला की पलीकडून एकच वाक्य यायचं, "देल्लं मीठ, तू शिकव तिकडं." आणि फोन बंद. दुसरं काही विचारायची सोयच नाही.

मग उष्टावण आलं. आमच्या सासरी बाळाचं पहिलं अन्न म्हणजे केळं. नवीन बागेतला पहिला घड कापायचा, त्यातलं केळं पिकवायचं आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने ते कुस्करून बाळाला चाटवायचं. सगळ्या पोरांना असंच भरवलेलं, माझ्या नवऱ्यालासुद्धा. आणि केळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं. डॉक्टरबाईंनी मनाई केलेल्या पदार्थांत पहिलं नाव त्याचंच होतं. मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "बोलतो मी मोठ्या बाबांशी." मोठे बाबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे गेल्यावर घरात त्यांचाच शब्द. तो बोलला नव्हता. मला माहीतच होतं तो बोलणार नाही!

अंगणात सगळी भावकी बसली. मोठ्या बाबांनी लेकीला मांडीवर घेतलं, केळं सोललं, बोटाने कुस्करलं. एका बोटाने काही बिघडलं नसतं, डॉक्टरबाईच नंतर तसं म्हणाल्या. पण आमच्याकडे एक बोट कधी असतं? मोठ्या बाबांचं झालं की मोठ्या आईंचं, मग आत्यांचं, मग काकांचं, रांगच लागते. मी उठले. तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"दादा, थांबा."

सगळ्या माना वळल्या. कारण तो आवाज सासूबाईंचा होता. नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे आमच्याकडचे भासरे, त्यांच्यासमोर बाई पदर ओढून बाजूला होते, बोलत नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून या माणसाशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. जेवायला वाढायच्या त्याही न बोलता. काही सांगायचं असलं तर पोरांकरवी सांगायचं. ती बाई पदर कपाळापर्यंत ओढून, हात जोडून उभी होती. आवाज मात्र खणखणीत.

"रागावू नका. हिच्या आंगाले केळं चालत नई. हे पोरगी मिठावर जगून राहिली. तुमच्या हातानं भरवा, पन मीठभात भरवा."

कुणीतरी खाकरलं. एक आत्या कुजबुजली, "आता घराण्याची रीत सुना ठरवतील." मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढचं विसरली. मोठे बाबा बोटावरच्या केळ्याकडे बघत बसले. केळीवर सगळं आयुष्य गेलेला माणूस तो, त्याच्या बागेतल्या केळ्याने लेकराचं वाईट होईल हे त्याच्या गळी कसं उतरावं? मग त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "आना मंग मीठभात." त्यांनी स्वतः मऊ भात तुपात कालवला, वर मीठ भुरभुरलं आणि पहिला घास दिला. लेकीने मिटक्या मारल्या.

अभिमान कशाला म्हणतात ते मला त्या अंगणात कळलं. मला शिक्षण आहे, पगार आहे, तोंड आहे. मी उठून बोलले असते तर लोक म्हणाले असते, शहरातली आहे, बोलणारच. त्या बाईकडे यातलं काहीच नव्हतं, होता तो फक्त पदर. आणि तो डोक्यावर घेऊनच ती माझ्या लेकीसाठी उभी राहिली.

लेक रांगायला लागली, मग धावायला लागली. मधे दोनदा जुलाब झाले आणि दोन्ही वेळा आम्ही तिला दवाखान्यात भरती केली. बाकी मीठ चालूच. सिरिंज दिसली की स्वतःहून आ करायची. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई पडल्या.

पापडांचे दिवस होते. सकाळपासून त्या गच्चीवर उन्हात पापड घालत बसल्या होत्या आणि तांब्यामागून तांब्या पाणी पीत होत्या. खाली आल्या तर बोलण्याचा काही मेळ नाही. मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागल्या. मग जिन्याशीच बसल्या आणि एका अंगावर कलल्या. गाडी काढून बुऱ्हाणपूरला आणलं. मला वाटलं, अर्धांगवायू झाला. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाले, "सोडियम फार कमी झालंय."

हा शब्द मला झोपेतही ओळखता येतो. एका घरात दोन माणसांना तेच? मी विचारलं, "हे आनुवंशिक आहे का? बाळाकडून... म्हणजे यांच्याकडून बाळाला आलं का?"

डॉक्टर म्हणाले, "तसं दिसत नाही. बीपीसाठी यांना लघवीची गोळी आहे, वर ऊन, वर एवढं पाणी. पण तरी इतकं कमी? या मीठ खातात ना?"

मी हो म्हणणार होते आणि थांबले. सासूबाई ताटात मीठ वाढून घेत नव्हत्या. भाजीत मीठ पडायच्या आधी स्वतःपुरती वाटीत काढून घ्यायच्या. विचारलं तर "डॉक्टरनं बीपीसाठी कमी सांगतलं," म्हणायच्या. कमी, म्हणजे कमी. आम्हाला ते बरोबरच वाटत होतं.

सलाईनने शुद्ध आल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. इंदूरहून बाळाला घेऊन परत आलो, त्याच दिवशी त्या तापीवर गेल्या होत्या. पाण्यात उभं राहून बोलल्या होत्या, "तापीमाय, मी मीठ सोडलं. मी सोडीन तेवढं तिच्या आंगात राहू दे. तिनं मीठ धरलं की मंगच खाईन." तेव्हापासून ही बाई अळणी जेवत होती. उन्हाळे गेले, सणवार गेले, लग्नकार्यं गेली. दिवसभर नातीच्या तोंडात मीठ घालायचं आणि स्वतः अळणी भाकरी दुधात कुस्करून खायची.

मला इतका राग आला! मी दवाखान्यात, सगळ्यांसमोर ओरडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? असं एकाचं मीठ दुसऱ्याला जातं का? डॉक्टरांनी एवढं समजावलं ते सगळं पाण्यात?" ओरडता ओरडता रडायला लागले आणि रडता रडता पुन्हा ओरडले. त्या शांत होत्या. नर्सने जेवण आणलं तर ताट सारलं. "तापीमायले बोलेल शब्द हाये. मोडला अन् पोरीले काई झालं तं?"

मी डोळे पुसले. म्हटलं, आता गणितच मांडते. "आई, मी शाळेत असते तेव्हा तिला मीठ कोण देतं?"

"मी."

"आणि तुम्ही अशा जिन्यात पडलात, तर कोण देईल?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"तापीमायला तुमचं मीठ हवंय का तुमची नात? सांगा ना."

त्यांनी सारलेलं ताट जवळ ओढलं. मग वरणभाताचा घास घेतला. मीठ लागलं तसे त्यांचे डोळे भरून आले आणि त्या खाली मान घालून सगळं जेवल्या.

जेवल्या खऱ्या, पण त्यानंतर त्यांचं धैर्यच गेलं. भासऱ्यांसमोर ताठ उभी राहिलेली बाई, लेक नुसती शिंकली तरी पांढरी पडायची. ताप आला की देवघरात जाऊन बसायची आणि मला म्हणायची, "मी मीठ खाल्लं ना." त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मी हजारदा सांगितलं. त्या मान हलवायच्या, पटायचं नाही. अशातच इंदूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की आता हिचं मीठ हळूहळू कमी करून बघू. आधी थोडं कमी केलं आणि रक्त तपासलं, मग आणखी कमी केलं आणि पुन्हा तपासलं. शेवटी एके दिवशी पूर्ण बंद. देवघरात रिकामी बाटली तशीच उभी होती आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. नवरा तर लेकीच्या मागे मागे बागेत हिंडायचा, ती दमते का बघायला.

शेवटच्या रिपोर्टसाठी इंदूरला गेलो तेव्हा सासूबाईही आल्या. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि लेकीच्या गालाचा पापा घेतला. "सोडियम चांगलं, पोटॅशियमही चांगलं. मीठ न देता! हिची मूत्रपिंडं ऐकायला लागली. आता ही आपलं मीठ आपण धरतेय. खूप छान सांभाळलंत तुम्ही."

नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी सासूबाईंकडे वळले. त्या हसत नव्हत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या पुढे सरकल्या आणि बारीक आवाजात त्यांनी विचारलं,

"म्हंजे डॉक्टरबाई, मी जेवली तरी हिचं काई गेलं नई ना?"

डॉक्टरबाईंना प्रश्नच कळला नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सासूबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "नाही आई, काही गेलं नाही. तुम्ही जेवलात, उभ्या राहिलात, म्हणून ही आहे." तेव्हा कुठे त्या रडल्या.